ड्राइव्हचं लॉक

तनवीरने ड्राइव्हवर पुन्हा राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. जनरल होतं, टूल्स होतं, शेअरिंग होतं. सिक्युरिटीचा टॅब मात्र गायब.

"कोणाला कसली परवानगी आहे ते इथे दिसायला पाहिजे, नाना. पण टॅबच नाही," तो म्हणाला.

दोंडाईच्यातल्या त्याच्या रिपेअरिंगच्या दुकानात कन्हैयालाल नाना सकाळपासून ठाण मांडून बसले होते. चहा नको, पाणी नको. जन्मभर धान्याचा व्यापार केलेला, भावात भल्याभल्यांचं न ऐकणारा माणूस. पण बायको गेल्यापासून पार खचला होता.

चंद्रकांताबाईंचे सगळे व्हिडिओ या ड्राइव्हवर होते. पापड लाटताना, स्तवन म्हणताना, नानांवर करवादताना. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि टीव्हीला ड्राइव्ह लावून तेच ते बघत बसायचं, हा नानांचा नेम. आणि एक दिवस फोल्डर रिकामं. "बठ्ठं गयं," सगळं गेलं, म्हणत नानांनी फोन लावला.

मुलगा अखिल तेव्हा मालासाठी इंदूरला गेलेला. त्या पठ्ठ्याने फोनवरच निकाल देऊन टाकला. ड्राइव्हला मी लॉक लावलंय, पुसता येईल अशी नावं त्यात दोनच, माझं आणि जिनलचं. मी इथे आहे, म्हणजे पुसलं तिनेच. सासूसुनेचं कधी जमलं नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत, त्यामुळे बायकोचं कोण ऐकतो? जिनल रडली, शपथा घेतल्या, शेवटी बॅग भरून सावद्याला माहेरी गेली.

संवत्सरीला तिने रीतीप्रमाणे फोन करून मिच्छामि दुक्कडम म्हटलं. आता त्या दिवशी सगळेच सगळ्यांची क्षमा मागतात, वर्षभर तोंड न बघणारेसुद्धा. पण अखिलने तोच कबुलीजबाब धरला. आता घरात घटस्फोटाची भाषा सुरू झाली होती.

तनवीरने ड्राइव्हचा फॉरमॅट बघितला आणि कपाळावर हात मारला. टीव्हीला चालावी म्हणून ती जुन्या फॉरमॅटमध्ये करून घेतलेली. त्यात परवानग्या राहतच नाहीत, म्हणून तर टॅब दिसत नव्हता. अखिलने लॉक लावलं असेल ते आपल्या लॅपटॉपवरच्या फोल्डरला. ते फोल्डर लॅपटॉपवरून काढून इकडे टाकताना लॉक गळून पडलं.

"म्हणजे कोणीही पुसू शकतं?" नानांनी विचारलं.

"कोणीही. चुकूनसुद्धा."

नानांचे डोळे भरून आले. पोरीवर उगाच आळ आला, म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत घराबाहेर पडली आणि मी एक शब्द बोललो नाही.

तनवीरलाही फार वाईट वाटलं. अखिलभाऊंना मी स्वतः समजावतो, असं त्याने सांगितलं. शिवाय ड्राइव्हवर नवीन काही भरलेलं नव्हतं, तेव्हा व्हिडिओ परत मिळायची आशा होती. उद्यापर्यंत ठेवून जा, काकू परत दिसतील.

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, आता लॉक लावता येईल का? येईल की, तनवीर म्हणाला. फॉरमॅट बदलला की टॅब येतो, नावंही टाकता येतात; फक्त मग पुसलेलं परत मिळणं अवघड. म्हणून आधी व्हिडिओ काढू.

"तेवढा वेळ नाही. अखिल दुपारी जळगावहून कोणी कॉम्प्युटरवाला घेऊन येतोय, ड्राइव्ह तपासायला. त्याआधी लॉक लाव. नावं दोनच टाक, त्याचं आणि जिनलचं."

तनवीरने माउसवरचा हात काढला. "काकूंचे व्हिडिओ जातील, नाना."

"जाऊ दे."

"आणि जिनलवहिनींनी काही केलं नाही, हे आत्ताच कळलं ना तुम्हाला?"

नाना खाली मान घालून म्हणाले, "मला ते आज नाही कळलं रे. रिमोटचं पुसायचं बटण माझ्याच हातून दाबलं गेलं होतं."