रिलीव्हर

नातू अंकुरचं लग्न झालं त्या वर्षी नात भूमिका सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरमधूनच कंपनीचं काम करत होती. तिनं बनवलेलं वेबपान दोन-तीन तास चाललं की हँग व्हायचं, आणि सोमवारी ते साहेबांना दाखवायचं होतं.

"कावून तोंड पाडून बसली वं?" मी विचारलं.

"आबाजी, पानाचा जो भाग लागला तो लोड होते, काम झालं का बंद होते. पन मेमरीतून जातच नाही. सगळे तिथंच गर्दी करून राहिले."

"त्याइले कोनी सोडलं नसन. लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर आमचं तसंच होतं. भोंगा वाजला तरी पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नव्हती. माह्या जागी शेजारच्या क्वार्टरातला भैयालाल यायचा."

तिनं शोधलं. बंद झालेल्या भागांना धरून ठेवणारी एक ओळ सापडली. ती काढताच पान भराभर चालू लागलं.

"मान गये, आबाजी!" ती हसली. "पन रिलीव्हर आलाच नाही तर?"



***

एकदा भैयालाल आलाच नाही. दुपारी दोनला माझी पाळी संपली, तरी त्याला शिव्या देत मी रात्री दहापर्यंत भट्टीसमोर उभा होतो. तो माझ्याच बायकोला दवाखान्यात घेऊन गेला होता. रंभा त्याच दिवशी, १२ जुलै १९८८ रोजी, दुपारी चार वाजता वारली.