हात वर

"गुणाजीदादांच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," मंडळाचा चिटणीस सुदेश माइकवरून म्हणाला.

सहदेव पहिल्याच रांगेत बसला होता. त्याच्या डावीकडचे हात वर गेले, उजवीकडचे गेले. त्याचा हात मांडीवरच राहिला. समोर खुर्चीत बसलेल्या गुणाजीने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

डोंबिवलीच्या खाडीकाठच्या या कोळीवाड्यात मंडळाचा अध्यक्ष म्हणजे गुणाजी, हे कित्येक वर्षं ठरलेलंच होतं. निवडणूक म्हणजे नारळ फोडायचा, टाळ्या वाजवायच्या आणि चहा पिऊन घरी जायचं. या वर्षी मात्र मालू उभी राहिली. मासळी विकणारी मालू. कारण होतं मैदान. जिथे सगळ्यांची जाळी वाळायची त्या मैदानात आता टॉवरच्या कामाचे ट्रक उभे असायचे. "महिनाभर लावा," असं गुणाजी बिल्डरला कोणाला न विचारता बोलून बसला होता, आणि पुढे त्याला नाही म्हणायला जमलंच नाही. जाळी रस्त्याच्या कडेला पडायची, चाकाखाली फाटायची. मालूने सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. शेवटी अर्ज भरला.

तिचं बरोबर आहे, हे सहदेव तिला घरी जाऊन सांगून आला होता. पण घरात बोलणं वेगळं आणि भरल्या सभेत हात वर करणं वेगळं. दोन पावसाळ्यांमागे पुलाखाली त्याची होडी उलटली, तेव्हा फुगलेल्या खाडीत उडी टाकून त्याला केसाला धरून बाहेर ओढणारा माणूस हाच गुणाजी होता.

सुदेशने हात मोजले, कागदावर आकडा लिहिला. "आता मालूताईंच्या बाजूने."

मालू भिंतीला लागून उभी होती. सभेच्या सुरुवातीला ती एवढंच बोलली होती, "मना भाषण येत नाय. मैदान परत घेऊ, बस." मागून कोणीतरी हसलं होतं.

आता कोणी हसत नव्हतं. पण हातही कोणाचा वर नव्हता. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मालू कोणाकडेच बघत नव्हती. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

सहदेवने हात वर केला.

हात इतका जड असतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, सगळी सभा आपल्याकडे बघतेय, आणि बघतच होती. एकटाच. खाली घ्यावा का? त्याने डोळे मिटले.

मागे बांगड्या वाजल्या.

एकीच्या, मग दुसरीच्या, मग किती जणींच्या ते कळेना. त्याने वळून पाहिलं. मागच्या सतरंजीवर बसलेल्या बायका, ज्या एरवी सभेत कधी हात वर करत नसत, त्या सगळ्या हात उंचावून बसल्या होत्या. त्याची बायको शीला सगळ्यांत पुढे होती आणि त्याच्याचकडे बघत होती. बायकांच्या पलीकडे खांबाला टेकून बसलेली पोरं होती, दोघेतिघे म्हातारे होते, त्यांचेही हात वर होते. मघाशी पहिल्या रांगेत बसून सहदेवला दिसलं नव्हतं, पण गुणाजीच्या वेळी अर्ध्याहून जास्त सभेचे हात खालीच राहिले होते.

सुदेशने मोजलं. पुन्हा मोजलं. मग घसा साफ करून म्हणाला, "मालूताई. चार हातांनी पुढे."

दारात फटाक्यांची माळ लागली. बायका मालूभोवती गोळा झाल्या. तेवढ्या गडबडीत सहदेव मागच्या दाराने बाहेर पडला आणि पायरीवर बसला. त्याला आनंद झाला होता. पण आता गुणाजीला तोंड कसं दाखवायचं?

पाठीमागे पावलं वाजली. गुणाजी होता. खांद्यावरची शाल त्याने काढून हातात घेतली होती.

"चल, सरक," तो म्हणाला आणि शेजारी बसला.

सहदेव मान खाली घालून म्हणाला, "दादा, तू मना खाडीतनं काढलास, आणि मी..."

"अरे येड्या," गुणाजी म्हणाला, "वर काढला तुला. विकत नाय घेतला."

सहदेवने मान वर केली. गुणाजीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुखावल्याची एक रेघ होती, ती त्याने लपवलीही नाही. पण खांदे सैल पडले होते, आणि इतक्या जवळून पाहिल्यावर तो किती थकलाय तेही दिसत होतं. सहदेवला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. गुणाजीने त्याच्या पाठीवर एक थाप मारली.

तेवढ्यात गल्लीतून शेजारचा पोरगा केतन धावत आला. "दादा, चल लवकर! नळावर भांडण जुंपलंय. बादल्या फेकून मारतायत एकमेकांना!"

गुणाजी सवयीने उठला. एका पायात चप्पल सरकवली. मग थांबला.

"अध्यक्ष आत हाय," तो म्हणाला. "तिला सांग."

आणि पाय पसरून पुन्हा पायरीवर बसला.