आडाचं पान

पुस्तक कपाटात नव्हतं. संगणक मात्र ते आत आहे असंच सांगत होता.

विशाखाने समाजशास्त्राच्या रांगेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. उमरीकडच्या बसमधून उतरून ती थेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली होती. वसतिगृहात अजून पिशवीही टाकली नव्हती. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग त्यांच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घालणं, यात बरेच दिवस गावीच गेले होते. आता निबंधाची तारीख तोंडावर आली होती. विभागातून एकच निबंध परिषदेला जाणार होता, आणि ज्याचा जाईल त्यालाच विभागप्रमुख बाई आपल्या हाताखाली पीएच.डी.ला घेणार होत्या.

पुस्तक म्हणजे मराठवाड्यातल्या आड-विहिरींची जुनी पाहणी. कुठल्या आडावर कोण पाणी भरी आणि कोण दूर उभं राही, हे त्यात गाववार आलेलं. प्रत एकच. पानं इतकी ठिसूळ की झेरॉक्सला बंदी. मोबाईल तर दाराशीच ठेवावा लागे. विद्यार्थ्यांनी तिथेच बसून वाचायचं. घरी न्यायची मुभा फक्त प्राध्यापकांना, आणि प्राध्यापकांनी नेलेलं पुस्तक सासरी गेलेल्या लेकीसारखं, सणावारालाच परत दिसे.

ग्रंथालयात एक न बोलली जाणारी रीत होती. हवं ते पुस्तक भलत्याच विषयाच्या कपाटात सारून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याच्या हाती लागत नाही. विशाखाला ती रीत ठाऊक होती. ती कपाटामागून कपाट धुंडाळत गेली. वनस्पतिशास्त्रात, गवतांवरच्या जाड ग्रंथांच्या मागे, पुस्तक आडवं पडलेलं सापडलं.

आत एसटीचं तिकीट होतं. औसा ते नांदेड.

वर्गात औशाची एकटी उज्वलाच. खोलीतली जोडीदारीण, एका ताटात जेवणारी, परीक्षेच्या रात्री उशाशी चहा आणून ठेवणारी. तिच्या घरी बागायती होती, स्वतःची विहीर होती. तिचा निबंधही पाण्यावरच होता.

तिकीट ज्या पानात होतं, ते विशाखाच्या गावच्या आडाचं पान होतं. त्या आडापासून दूर, रिकामी घागर घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांत तिची आजी सरजाबाई असे. ती गोष्ट विशाखाने आयुष्यात एकाच मैत्रिणीला सांगितली होती. म्हणजे आजीच्या तहानेपाशीसुद्धा ही आपल्याआधी पोचली! तिच्या आत काहीतरी तडकलं. मातीच्या घागरीसारखं, आवाज न करता.

सकाळीच निघताना वडील, साहेबराव, डोळ्यावरची पट्टी सावरत म्हणाले होते, "औशाची पोरगी लई जीव लावती म्हणतीस. लावू दे. पर वाढणारा हात आन् आड राखणारा हात कवाकवा येकच असतो, बाई."

तेव्हा ती त्यांच्यावर चिडली होती.

तिने तिकीट मुठीत चुरगाळलं. पुस्तक उचललं आणि कायद्याच्या कपाटात, जुन्या निवाड्यांच्या बांधीव खंडांमागे सारलं. तिथे धूळ एवढी होती की बोटांचे ठसे उठले.

खोलीत पाऊल टाकताच उज्वला उठून उभी राहिली. "आलीस? सांगायचं न्हाई का गं! काका कसे हायत?"

"बरे आहेत."

"पिशवी टाक अन् चल लायब्ररीत. तुला एक गंमत दाखवायची हाय."

"थकलेय मी. तू जाऊन ये."

उज्वला गेली. परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. काय झालं, असं विशाखाने विचारलं. विचारताना आपला आवाज इतका सरळ कसा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

"काही न्हाई," उज्वला म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

पुढचे दिवस उज्वला कपाटांमधून फिरत राहिली. वनस्पतिशास्त्र, मग प्राणिशास्त्र, मग भूगोल. खालच्या फळ्यांसाठी गुडघे टेकून बसे. ओढणीचं टोक धुळीने काळं होई. विशाखा वाचनाच्या टेबलावरून ते पाहत असे. चोराचीच वस्तू चोरीला गेली की तो ओरडूही शकत नाही, हे तिला मनोमन सुखावत होतं.

"काय शोधतेस एवढं?" एकदा तिने विचारलंच.

"असंच गं. तू तुझं लिही. थांबू नको."

"आणि तुझा निबंध?"

"व्हईल की."

उज्वला मेसला गेली की विशाखा कायद्याच्या कपाटाकडे वळे. निबंध त्या तासातासाने वाढत गेला.

निवडीच्या दिवशी उज्वलाचा निबंध वाचला गेला नाही. तिने तो दिलाच नव्हता. विशाखाला बाईंनी समोर बोलावलं. गावच्या आडाचा उतारा वाचून झाल्यावर तिने पुस्तकाचं नाव सावकाश, एकेक शब्द सुटा करून उच्चारलं आणि शेवटच्या बाकावरच्या उज्वलाकडे पाहिलं. ती मान खाली जाताना तिला पाहायची होती.

उज्वला ताठ झाली. तिचे डोळे भरून आले.

टाळ्या थांबल्या आणि बाईंनी विशाखाचं नाव जाहीर केलं. ती बाहेर आली तेव्हा उज्वला व्हरांड्यातून अक्षरशः धावत आली.

"अगं बये, मिळालं व्हय तुला पुस्तक! जीव भांड्यात पडला बघ माझा. तू गावाकडं असताना कुठल्या तरी कॉलेजचे सर ते घरी न्यायला मागत व्हते. म्हणून मीच दडवलं, गवताच्या पुस्तकांमागं. तुझ्या गावच्या पानात माझं तिकीट घालून ठेवलं, आल्या आल्या सापडावं म्हणून. आन् बघते तर जागेवर न्हाई! वाटलं, तुझ्या आजीचं पान माझ्याच हातून हरवलं. कोणत्या तोंडानं सांगणार तुला? शोधता शोधता माझं लिहायचंच राहिलं."

ती हसली. तिने विशाखाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"कुठं सापडलं गं तुला?"