चौथ्या कॅमेऱ्याची टेप

"हा तुकडा जिवापाड सांभाळ हं," निर्माता तिच्या खुर्चीमागून म्हणाला. "बाकी कुठेही कात्री लाव. इथे लावलीस तर लोक मला उभा चिरतील."

तिने मान डोलावली आणि तो गेल्यावर कपाळाला हात लावला. लोकांच्या लग्नांपासून जाहिरातींपर्यंत सगळं चित्रण कापून जोडून तिची पंधरा वर्षं गेली होती. स्वतःच्या बापाची कॉन्सर्ट कापायला बसावं लागेल, हे काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं. काम आलं, तिने घेतलं. काम म्हणजे काम, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

तो तुकडा अवघा नव्वद सेकंदांचा. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या त्या कॉन्सर्टमध्ये बाबांची गिटार नुसती पेटलेली असते. संथ ब्लूजची धून चढत चढत आता छप्पर उडवणार असं वाटतं, आणि ऐन रंगात ती एकदम कुजबुजायला लागते. ड्रमवाला गांगरतो, मग काठ्या मांडीवर ठेवतो. अडीच हजार माणसं गपगार. नव्वद सेकंदांनी गिटार परत उसळते आणि टाळ्यांनी कान बधिर होतात. त्या कुजबुजीवर जाणकारांनी रकानेच्या रकाने भरले होते. कोणी म्हणे विरह, कोणी म्हणे मृत्यूची चाहूल. कुठकुठली पोरं घरात बसून तीच नक्कल करत. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "सुचलं, वाजवलं."

तिला मात्र तो तुकडा डोळ्यांसमोर नको वाटे. ती पाच वर्षांची असताना आई गेली. बाबांचे दौरे चालूच राहिले आणि ती मावशीकडे वाढली. मावशीने काही कमी केलं नाही. पण गिटारशी इतक्या हळुवारपणे बोलणारा हा माणूस आपल्याशी फोनवर दोन मिनिटंसुद्धा धड बोलत नाही, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. आता बाबांची बोटं आखडू लागली होती. रविवारी त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. परवा त्यांचा फोन आला होता.

"पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतोय. येशील?"

"बघते," ती म्हणाली होती. तिचं 'बघते' म्हणजे नाही, हे बाबांनाही ठाऊक होतं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

तिने मुख्य कॅमेऱ्याची टेप पुढे सरकवली आणि ती चरकली. नेमक्या त्या नव्वद सेकंदांवर पांढऱ्या रेघा! टेप तिथेच खराब झालेली. दुसऱ्या कॅमेऱ्यात प्रेक्षक, तिसऱ्यात ड्रमवाला. खोक्याच्या तळाशी चौथी टेप होती. तिच्यावर कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'कामाची नाही'.

खरंच नव्हती. कॅमेरा स्टेजच्या कडेला, अर्ध्या चौकटीत पडदाच पडदा. आवाजही नाही. पण बाबांचे हात स्वच्छ दिसत होते. तिने हुश्श केलं आणि टेप जुळवायला घेतली. मग तिला पडद्यालगत एक स्पीकरची रिकामी पेटी दिसली. पेटीवर कोणीतरी बसलं होतं.

आई.

फोटोतली नव्हे, हलणारी आई. मांडीवर तीन वर्षांचं पोर, कानात कापसाचे बोळे, कपाळावर ओली घडी. पोर रडून रडून लाल झालेलं. आई त्याला थोपटत होती, पुढेमागे झुलत होती. गिटार पेटली होती त्या सगळ्या वेळात पोराचं भोकाड चालूच होतं. आणि मग पोराची मान आईच्या दंडावर कलंडली.

बाबांनी तिकडे पाहिलं.

तिने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं. उजवा हात तारा छेडतच होता, पण त्याच्या करंगळीने गिटारवरचं आवाजाचं बटण हळूच फिरवलं. आई अलगद उठली. एकेक पाऊल जपून टाकत ती मागच्या दाराकडे गेली. बाबा वाजवत होते आणि मान वळवून तिच्याकडेच बघत होते. दार लागलं. करंगळीने बटण परत फिरवलं. मधे गेले ते बरोबर नव्वद सेकंद.

डोळे पुसायला तिला रुमालही सापडेना. तिने तसाच फोन लावला.

"बाबा, तो हळू तुकडा. तो आधी बसवला होता?"

पलीकडे बाबांनी घसा खाकरल्याचं ऐकू आलं.

"कोणाला सांगू नकोस. एवढी मोठी माणसं त्यावर लिहून बसलीत, त्यांचा हिरमोड होईल." बाबा म्हणाले. "दिवसभर तापाने फणफणली होतीस गं. तेव्हा कुठे तुझा डोळा लागला होता."

तिने टेप मागे नेली आणि पोराची मान कलंडते तिथे चित्र थांबवलं.

"ऐकतेयस ना?"

"रविवारी पहिल्या रांगेत खुर्ची नको, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले. आवाज परवासारखाच पडला.

"पडद्यामागे एक रिकामी पेटी ठेवा. मी तिथे बसेन."