रिकामी कांडी

“चिठ्ठी मराठीत लिवलीयास व्हय?” अक्काताईनं मागाच्या शेडच्या दारातच कपाळावर हात मारला. “पोरगी तुझ्या माघारी कन्नड शाळंत शिकली रं, भरमा. ह्यातलं एक अक्षर वाचता येत न्हाय तिला.”

भरमाचा चेहरा पडला. चार दिवस खोडून खोडून लिहिलेली माफीची चिठ्ठी. आठ वर्षांनी गडी इचलकरंजीहून निपाणीमार्गे सीमेपल्याड वडगावला आला, आणि आपली बहिरी लेक कुठल्या लिपीत वाचते एवढंही बापाला ठाऊक नाही! लाज वाटली त्याला. वाटायलाच हवी होती.

“तूच सांग की तिला, अक्का. तू मालकीण हाईस.”

“मी न्हाय. मुक्या पोरीसंगं बोलायचं तरी काय, म्हणून तू गेलतास. आता तूच बोल. आणि तिनं पाठ फिरवली तर गुमान निपाणीची गाडी धर.”

आत बारा माग धडधडत होते. तेजस्वी आपल्या चार मागांच्या मधे उभी होती. एकोणीस वर्षांची, वेणी पदरात खोचलेली, बोटं झरझर धाग्यांवरून फिरणारी.

“तेजू!” भरमा ओरडला, आणि ओरडल्यावर त्याला आपला गाढवपणा कळला. त्या गोंगाटात ऐकू येणाऱ्यालाही काही कळलं नसतं.

मग तो तिच्या समोर जाऊन उभा राहिला. तिनं बघितलं आणि लगेच ओळखलं. त्यानं पुढे केलेली चिठ्ठी घेतली, उलटसुलट केली, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. मग पाठ फिरवली.

बहिऱ्या माणसानं पाठ फिरवली की खेळ खलास, मागून विनवण्या करायचीही सोय नाही.  भरमा गाडी धरायला वळला.

वळता वळता त्याची नजर तिच्या तिसऱ्या मागावर गेली. काठाजवळचे दोन उभे धागे तुटले होते आणि आडवं सूत नेणारा धोटा आपला पळतच होता. आणखी वीतभर विणलं गेलं असतं तर साडी बाद. तेजूची पाठ नेमकी तिकडं.

भरमा स्वतः जुना मागवाला; त्याचा हात आपोआप चालला. मागाच्या शेडमध्ये कुणी कुणाला तोंडानं हाक मारत नाही. सूत संपलेली रिकामी कांडी उचलायची आणि त्या माणसाच्या पायाशी टाकायची. त्यानं टाकली. तेजू गर्रकन वळली. त्यानं दोन बोटांची कात्री केली, मग तीन बोटं दाखवली. तिनं झेप घेऊन तिसरा माग थांबवला, धाग्यांना गाठी मारल्या, माग पुन्हा सुरू केला. साडी वाचली.

आता ती बापाकडे बघतच राहिली. मग तिनं मनगटावर टिचकी मारली आणि रस्त्याकडे हात केला. एवढा उशीर? कुठं होतास?

भरमाला समजलं. अगदी सगळं समजलं! शेडमध्ये उशिरा येणाऱ्याला असंच तर विचारतात. अरे, वीस वर्षं तो दिवसभर हातांनीच बोलत आला होता. सुताबद्दल, चहाबद्दल, मालकाला शिव्यासुद्धा हातांनीच. आणि हाच शहाणा घरी आला की म्हणायचा, मुक्या पोरीशी बोलू कसा? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं त्याला.

त्यानं दोन्ही कान पकडले आणि तसाच उभा राहिला. डोळे वाहत होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

तेजू हसली नाही. तिनं दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावली, मग चारही मागांवरून फिरवली: यांच्याकडं बघ. आणि सरळ बाहेर निघून गेली. शेडमध्ये हे ऐऱ्यागैऱ्याला सांगत नाहीत. ज्याच्यावर भरवसा, त्याच्याच हाती आपले माग देतात.

भरमा त्या चार मागांमधून वरबापासारखा मिरवत फिरला. एक धागा तुटू दिला नाही पठ्ठ्यानं. अक्काताईनं दारातून हातानंच विचारलं, निपाणीची गाडी? त्यानंही हातानंच सांगितलं, गेली खड्ड्यात!

तेवढ्यात त्याच्या पायाशी एक रिकामी कांडी येऊन पडली.

त्यानं वळून बघितलं. मागे तेजू उभी होती, एका हातात चहाचे दोन ग्लास घेऊन.

लेकीनं हाक मारली होती. भरमानं दोन्ही हात उंच करून सांगितलं, आलो गं, आलो!