उरेल तो दोष

"दाब," डिकीमागून मास्तर म्हणाले.

चालकाच्या आसनावर बसलेल्या त्यांच्या पत्नीने ब्रेक दाबला.

"दाबलास का?"

"दाबलाय हो! आणखी जोर लावला तर पाय खालून जमिनीला टेकेल."

मास्तर मागच्या लाल काचेसमोर वाकून उभे होते. काच निस्तेजच होती. त्यांनी डिकीचे अस्तर पुन्हा बाजूला सारले, होल्डर पाव वळसा फिरवून काढला, पिना बोटाने चाचपल्या आणि बल्ब होता तसाच परत बसवला. दोन्ही बाजूंचे बल्ब त्यांनी नुकतेच बदलले होते. दोन्ही नवे आणि दोन्ही मुके.

संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये मागे घेताना ब्रेक दाबला, की आरशात मागची भिंत लाल व्हायची. अलीकडे ती होत नव्हती. उद्या सकाळी तर लेकीकडे निघायचे होते. तिचे दिवस भरत आले होते आणि पल्ला हमरस्त्याचा होता. आपण थांबतो आहोत हे मागच्याला कळणार नाही, अशा गाडीतून मास्तरांनी परक्या माणसालाही नेले नसते.

"बल्बच नासके निघाले," ते पुटपुटले. "हल्ली मालात दमच नसतो."

"हो, हो. फाटकाचा खांब कलला म्हणून गाडीला ओरखडा आला. शाई पातळ झाली म्हणून पेपर वाचवत नाही. आता बल्ब नासके. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"तू ब्रेकवर लक्ष दे."

"तेवढंच तर देत आलेय. इतकी वर्षं तुमच्या दुरुस्तीपायी या सीटवर बसते, पण गाडी कधी तसूभर हलली नाही. शिकवा म्हटलं तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतंय?"

"एका घरात एक चालक पुरे."

"आठवतंय म्हणजे!"

मास्तर हसले नाहीत. तंत्रशाळेत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना एकच सूत्र शिकवले होते: अंदाज करायचा नाही, तपासायचे. जे तपासून बरे ठरेल ते बाजूला ठेवायचे. उरेल तो दोष. सूत्राप्रमाणे त्यांनी फ्यूज काढून पाहिला होता, तो शाबूत होता. वायरी ओढून पाहिल्या होत्या, त्या घट्ट होत्या. ब्रेकच्या पेडलमागचे दिव्याचे बटणही टकटक वाजत होते.

"पुन्हा दाब. आणि आता मी सोड म्हणेपर्यंत सोडू नकोस."

"दाबला." क्षणभराने तिचा आवाज आला. "अहो, लागलाय की! आरशात भिंत लाल दिसतेय."

"ती पार्किंगची लाली असेल. त्याच बल्बात दोन तारा असतात, एक मंद आणि एक प्रखर. तुला दिसतेय ती मंद."

"पार्किंगचं बटण बंद आहे."

"नीट बघ."

"बंद आहे हो. तुम्हीच केलंत मघाशी."

मास्तरांनी काचेकडे रोखून पाहिले. जिथे पाहावे तिथे एक धुरकट डाग होता. काच मळली असेल म्हणून त्यांनी ती फडक्याने पुसली. डाग पुसला गेला नाही. त्यांनी चष्माही पुसला.

मग जुने बल्ब तपासावेत म्हणून ते भिंतीवरच्या फळीकडे वळले. तिथल्या वीज तपासायच्या मीटरला हात घालताना नजरेच्या कडेला काहीतरी भडक जाणवले आणि ते जागच्या जागी थांबले. डोळ्याच्या कोपऱ्यात गाडीचा मागचा दिवा लखलखीत लाल पेटलेला होता. त्यांनी मान वळवून सरळ पाहिले. दिवा विझला. मान पुन्हा फळीकडे वळवली. दिवा पेटला.

मास्तरांनी हे तीनदा केले. घाईने निष्कर्ष काढणारा माणूस त्यांना कधीच आवडला नव्हता.

तरीही त्यांनी जुना बल्ब मीटरला लावला. एका तारेला मीटर वाजला, म्हणजे ती शाबूत होती. दुसऱ्या तारेलाही वाजला. दुसरा बल्ब घेतला, तोही वाजला. तपासायचे आता एकच उरले होते, आणि ते या मीटरवर तपासता येणारे नव्हते.

त्यांनी जुने बल्ब खोक्यात जपून ठेवले. डिकी लावली. गाडीला वळसा घालून ते पुढे आले आणि चालकाशेजारचे दार उघडून आत बसले. गाडी घेतल्यापासून त्या बाजूला ते कधीच बसले नव्हते. समोरचा कप्पा गुडघ्याला लागला.

"झालं?" तिने विचारले.

"उद्या आपण बसने जाऊ."

"का? दिवा दुरुस्त होत नाहीये?"

"दिवे चांगले आहेत. काढले तेही चांगलेच होते."

"मग दोष कशात आहे?"

मास्तरांनी चष्मा काढला. काचा डोळ्यांपासून दूर धरून त्यांनी तो थोडा वेळ हातातच फिरवला. तिने त्यांच्याकडे पाहिले. या वेळी चेष्टा केली नाही. फक्त त्यांच्या मांडीवरचे काळवंडलेले फडके उचलून तिने त्याची घडी केली.

"परत आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे," ती हळूच म्हणाली.

"नको, उद्या जातानाच दाखवू," मास्तर म्हणाले. "बसस्टँडच्या वाटेतच आहे त्यांचा दवाखाना."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. नेहमीप्रमाणे हात स्टीअरिंगजवळच्या खाचेकडे गेला, मध्येच थांबला, आणि किल्ली तिच्या तळहातावर आली.

ती किल्लीकडे पाहत राहिली. मागची भिंत अजूनही लाल होती. सोड असे त्यांनी म्हटलेच नव्हते.

"अहो, ब्रेक सोडू का?"

"नको, राहू दे," मास्तर म्हणाले. "आता डाव्या पायानं क्लच दाब."