गाडी उभी होती

"म्हणजे गुरुवारी संध्याकाळपासून तुझी गाडी पार्किंगातच उभी होती," कांबुरोव म्हणाला.

"होय साहेब. यंत्रच सांगतंय ना."

"यंत्र तर सांगतंयच."

गांचोच्या स्वयंपाकघरात भाजलेल्या मिरच्यांचा वास कोंडला होता. त्याची बायको स्तोयना हिवाळ्याच्या बेगमीसाठी लाल मिरच्या सोलत बसली होती. तपास अधिकारी कांबुरोव टोपी मांडीवर ठेवून कॉफीचे बारीक बारीक घोट घेत होता. त्याला घाई नव्हती.

गांचोला वाटलं, टॅकोग्राफचंच काहीतरी असणार. ट्रकवाला किती वेळ चालवतो आणि किती वेळ विसावा घेतो, हे गाडीतलं ते यंत्र टिपून ठेवतं. ठरल्यापेक्षा जास्त चालवलं की दंड. दंड काय, भरता येतो.

"त्या पार्किंगचा चौकीदार मेला, गांचो."

"आं?"

"कोणीतरी व्हीलपान्यानं डोकं फोडलं त्याचं. बाकीचे ड्रायव्हर जोडीनं होते, एकमेकांची साक्ष देतायत. एकटा तूच. आणि चौकीदाराशी तुझीच बाचाबाची झाली होती म्हणे."

"बाचाबाची कसली साहेब! गाडी कडेला लाव म्हणाला, मी म्हटलं तुझ्या बापाची जागा आहे का. एवढंच."

"एवढंच," कांबुरोव म्हणाला. "मग रात्रभर गाडी तिथेच. न्यायाधीशाला आणखी काय हवं?"

स्तोयनाच्या हातातली मिरची परातीत पडली.

गांचो तर पार्किंगात नव्हताच. कॉफी प्यायला, गिअरबॉक्सच्या खाली लोहचुंबक चिकटवलं आणि निघाला. चुंबक लावलं की यंत्राला वाटतं गाडी उभी आहे. चाकं पळत असतात, नोंदीत ड्रायव्हर घोरत असतो. आमच्याकडे हे पाप कोणी पाप मानत नाही. मालक म्हणतो, सकाळी गाडी रुसे शहरात हवी. कायदा म्हणतो, झोप. चुंबक बिचारं दोघांचंही मन राखतं. झोप तेवढी ड्रायव्हरची जाते, पण तिला विचारतो कोण?

हे सांगावं तर लायसन जाणार. मालक दारात उभं करणार नाही, आणि या वयात दुसरं कोणी गाढव हाकायलाही ठेवणार नाही. न सांगावं तर खुनी म्हणून तुरुंग. गांचो खिडकीतून अंगणातल्या ट्रककडे बघत बसला. ट्रेलर मालकाकडे सोडून तो आज सकाळीच घरी आला होता.

"बोल ना, मुडद्या!" स्तोयना कडाडली. तिला सगळं ठाऊक होतं. आल्या आल्या नवरा तिच्यापाशीच कुरकुरला होता. "लायसन गेलं तर खड्ड्यात जाऊ दे! घेवडा शिजवून खाऊ. पण खुन्याची बायको म्हणून मला चर्चमध्ये उभं राहायचं नाही!"

"गप गं."

"का गप? तू नाही सांगितलंस तर मी सांगते!"

मग गांचोनं सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. चुंबक कुठे ठेवतो तेही सांगितलं. बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं.

कांबुरोव चिडला नाही. उलट त्याला दया आल्यासारखं दिसलं. "असं कोणीही म्हणेल, बाबा. यंत्र म्हणतं तू तिथे होतास, तू म्हणतोस नव्हतास. कोर्ट यंत्राचं ऐकतं. कुठल्या रस्त्यानं गेलास?"

"आतल्या. ब्रेस्तोवोवरून. हमरस्त्यावर गाड्या तपासतात ना."

"पाहिलं कोणी?"

"काळं कुत्रं नव्हतं रस्त्याला."

"मग अवघड आहे." कांबुरोवनं टोपी उचलली.

"आरसा!" स्तोयना ताडकन उठली. "अरे, त्यांना आरसा दाखव ना!"

गांचोचा चेहरा उजळला. "हां, साहेब, आरसा! ब्रेस्तोवोच्या पुलावर रस्त्याचं काम चाललंय. कडेला नारिंगी पिंपं लावलीत. त्यातल्या एकाला घासली माझी गाडी. खोटं कशाला बोलू, क्षणभर डोळा लागला होता. दिवस कलला होता, उन्हाची तिरीप डोळ्यांवर. धाडकन आवाज झाला तेव्हा जागा झालो. उजवा आरसाच गेला! तुकडे तिथे पडले असतील, जुळवून बघा!"

"थांबला नाहीस?"

"प्लास्टिकच्या पिंपासाठी कोण थांबतं, साहेब?"

कांबुरोवनं हे सगळं त्याच्याकडून लिहून घेतलं. पुलाचं नाव, वेळ, लागलेला डोळा, आरसा. गांचोनं झोकदार सही ठोकली. मग तिघं अंगणात आले.

कांबुरोव ट्रकच्या उजव्या अंगाला उकिडवा बसला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. उठला तेव्हा त्यानं खिशातून रुमाल काढला. रुमालात आरशाचा एक तुकडा होता. वाकलेल्या चौकटीत उरलेल्या काचेला त्यानं तो लावून पाहिला. कडेला कड चपखल बसली.

"बघा!" गांचो ओरडला. "तुम्हाला सापडलाच होता की! मग उगाच जीव का घेतलात आमचा?"

स्तोयनानं छातीवर क्रूस काढला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "देवाच्या आईनंच वाचवलं. साहेब, आता बसा, पाव आणि ताजी चटणी खाऊनच जा. चौकीदाराच्या खुनाचं मिटलं ना आता?"

"चौकीदार धडधाकट आहे, बाई," कांबुरोव रुमालाची घडी घालत म्हणाला. "आणि ब्रेस्तोवोच्या पुलावर पिंपं नाहीत. नारिंगी जाकीट घातलेली टपालवाली होती, सायकलवरून घरी चाललेली."